केसांवर हात कुणाचा?

देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी दीर्घकथा लिहीत आहेत. कथेतली सातवीतली मुलगी घरातले सगळे झोपल्यावर आईच्या शिवणाच्या कात्रीने स्वतःची वेणी कापते. मैत्रिणीने खर्डा वाचून म्हटलं, "केसांवरून एवढं रामायण कशाला? मुलांना काहीतरी मोठा विषय दे." त्यावर त्या विचारतात: मुलांच्या गोष्टींत केस इतके का येतात, त्यांना खरंच काही अर्थ असतो का, आणि हा प्रसंग ठेवू की काढू?

काढू नका. त्या प्रसंगातच तुमची कथा आहे. मी सत्तावीस वर्षं मालवणजवळच्या एका वाडीत मुलांचं वाचनालय चालवते, त्याआधी शाळेत मराठी शिकवत होते, आणि मुलांसाठी लिहिलेल्या कथांचं संपादनही करते. त्या अनुभवावरून जे कळलं ते जरा सविस्तर लिहिते.

लहान मुलाच्या शरीरावर हक्क मोठ्यांचा असतो. त्याने काय खायचं, काय घालायचं, कधी झोपायचं हे मोठे ठरवतात. केसांच्या बाबतीत हा हक्क डोळ्यांना दिसतो. मूल वर्षाचं होतं तेव्हा मामाच्या मांडीवर बसवून त्याचं जावळ काढतात आणि ते रडून आकांत करतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं. पुढे दहा-बारा वर्षं त्याच्या डोक्यात दुसऱ्या कुणाचा तरी हात असतो. तेल लावणारा, उवा काढणारा, भांग पाडणारा, परीक्षेच्या दिवशी डोक्यावरून फिरणारा आणि कधी झिंज्या धरून ओढणारासुद्धा. मग एक दिवस ते मूल स्वतःचा हात तिथे नेतं. म्हणून केसांची गोष्ट वाचताना मी एकच प्रश्न विचारते: या क्षणी या केसांवर हात कुणाचा आहे? गोष्ट कुठे चालली आहे ते बहुतेक वेळा या उत्तरातून कळतं.

वेणी घालण्याचा प्रसंग घ्या. आपल्याकडे सकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही घराच्या पडवीत तो घडत असतो. आई वरच्या पायरीवर, मुलगी खालच्या पायरीवर, आईच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. शेजारी खोबरेल तेलाची बाटली, थंडीत ती उन्हात ठेवलेली. रिबिनी आईच्या दातांत धरलेल्या, त्यामुळे आई बोलते ते अर्धंच कळतं. आता बघा, या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत आणि एकमेकींचा चेहरा त्यांना दिसत नाही. दोघी अंगणाकडे तोंड करून बसल्या आहेत. समोरासमोर जे विचारता येत नाही ते मुलगी अशा वेळी विचारते. "बाबा यंदा चतुर्थीक येतले मा?" आईच्या हाताचा वेग बदलतो. पेड जरा जास्त घट्ट ओढला जातो. मुलीला उत्तर तिथे मिळतं, तोंडी उत्तर यायच्या आधी. लेखकाला याहून सोयीची बैठक कुठे मिळणार? भावना सांगायला एकही विशेषण लागत नाही, बोटांचं काय चाललंय तेवढं लिहायचं.

माझ्याकडे येणाऱ्या दहा कथांपैकी सात-आठ कथांत आई मुलीची वेणी घालते, पण एका वाक्यात. "आईने तिची वेणी घातली आणि ती शाळेत गेली." हातात आलेला मासा परत पाण्यात सोडल्यासारखं मला ते वाटतं.

आता गोष्टींच्या जुन्या साठ्याकडे वळते. माझी आजी गिऱ्ह्याची गोष्ट सांगायची. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, तिन्हीसांजेला व्हाळाच्या कोंडीपाशी माणसाला वाट चुकवणारं. त्याचा एक केस हाती लागला तर तो जन्माचा दास होतो.

"आज्ये, गिऱ्ह्याचे केस कसले असतत?"
"ओले. शेवाळासारखे."
"आनि गावलो तर?"
"गावलो तर तो तुझो गडी. पण केस दडवन ठेवूक व्हयो. तेका परत गावलो की गेलो."

केस ज्याच्या हातात, सत्ता त्याची. राक्षसाची शेंडी कापून त्याला कामाला लावणारा हुशार पोर आपल्या लोककथांत ठिकठिकाणी आहे. हडळ ओळखायची तीही मोकळ्या केसांवरून, कारण बांधलेले केस म्हणजे घरातली, कुणाच्या तरी नजरेखालची बाई. सुटलेले केस म्हणजे कुणाच्याच ताब्यात नसलेली. लहानपणी मला हडळीची भीती वाटायची. आता वाटतं, मोकळ्या केसांची भीती आपण मुलींना किती लहान वयात घालतो! "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून फिरू नको" हे वाक्य ऐकलं नाही अशी मुलगी माझ्या वाचनालयात आलेली नाही.

दशावतारातही हेच. मुलांना महाभारत पुस्तकातून कळायच्या आधी जत्रेच्या मांडवात कळतं. द्रौपदीचं काम करणारा पुरुष नट भर सभेत केस सोडतो, तो टोप आहे की गंगावन याचा विचारही मुलांच्या मनात येत नाही. पहाटे तीनची वेळ, मांडीवर झोपलेली मुलंसुद्धा त्या क्षणी उठून बसतात. सभापर्वात दुःशासन तिला केसांना धरून ओढत आणतो आणि उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा ती तेच केस हातात घेऊन त्याला दाखवते, तहाची बोलणी करताना हे विसरू नकोस म्हणते. पुढे भट्टनारायणाने या केसांवरच नाटक उभं केलं, नावच 'वेणीसंहार'. तिथला संहार म्हणजे विखुरलेली वेणी पुन्हा बांधणं. केसांवर चुकीचा हात पडला म्हणून अख्खं युद्ध! तुमच्या मैत्रिणीला हे सांगा. "केसांवरून एवढं रामायण कशाला" याला उत्तर महाभारतात आहे.

परदेशी गोष्टींमधली सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलची. ग्रिम बंधूंनी ती १८१२ साली छापली, पण तिच्या आधीची रूपं इटलीत आणि फ्रान्समध्ये सतराव्या शतकातच लिहिली गेली होती. मी ती वर्षातून एकदा तरी वाचून दाखवते. मूळ गोष्टीत तिचे केस वीस 'एले' खाली सोडले जातात. एले हे आपल्या 'हात' या मापासारखंच जुनं माप, आपल्या हातापेक्षा थोडं मोठं. मुलांना मी सांगते, तरण्या माडाएवढी उंची धरा. एकदा एका मुलाने, त्याचे काका पाडेली आहेत, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, लगेच विचारलं, "बाई, केसावर माणूस चढलो तर तिचा डोक्या दुखाचा नाय?" सगळे हसले. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण गोष्टीने त्याचा विचार केलेला आहे. रापुन्झेल आधी आपली वेणी खिडकीच्या आकड्याला गुंडाळते आणि मग खाली सोडते. ओढ आकड्यावर पडते, डोक्यावर पडत नाही. हे वाक्य बहुतेक संक्षिप्त मराठी पुस्तकांतून गळालेलं असतं. तुम्ही लिहाल तेव्हा असा आकडा गाळू नका. जादू मुलं मान्य करतात. दुखलं कसं नाही, ते मात्र त्यांना समजून घ्यायचं असतं.

त्याच गोष्टीत आणखी एक जागा आहे. चेटकिणीला सगळं कळल्यावर ती रापुन्झेलचे केस डाव्या हाताला गुंडाळते, उजव्या हातात कात्री घेते आणि कापते. दोन्ही हातांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मग त्याच कापलेल्या वेण्या खिडकीतून सोडून ती राजपुत्राला वर बोलावते. आपल्या भाषेत "केसाने गळा कापणे" आहे ना, त्याचं इतकं शब्दशः चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एका मुलीने मला विचारलं होतं, केसाने गळा कसा कापता येईल, केस तर मऊ असतो. मी तिला ही गोष्ट परत वाचायला दिली. आठवड्याने येऊन म्हणाली, "कळलं. जे ओळखीचं असतं त्याच्यावर आपण चढतो." मी त्या वाक्याला काही जोडलं नाही, इथेही जोडत नाही.

मुलांचा कान अशा शब्दांना फार ताजा असतो. शेंडी लावणे, शेंडीला गाठ मारणे, केसालाही धक्का न लागू देणे, मिसरूड फुटणे. हे शब्द कथेत आले तर एकदा तरी त्यांचा मूळ अर्थ समोर येऊ द्या. मिसरूड फुटलेला मुलगा आरशासमोर उभा राहून ओठावर बोट फिरवतोय, हे चित्र मराठी किशोरकथांत मला फारच क्वचित भेटलं. वडिलांचा वस्तरा चोरून पहिल्यांदा गालावर फिरवणारा, रक्त आल्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवणारा मुलगा आपल्या प्रत्येक घरात होऊन गेला आहे. मुलींच्या हातापायांवरच्या, ओठांवरच्या लवीबद्दल तर आपण बोलतच नाही. नववीतल्या मुलींना या लवीवरून काय काय ऐकावं लागतं ते त्या मला सांगतात, मग पुस्तकांच्या मांडणीकडे बघतात आणि तिथे त्यांच्यासाठी काही नसतं. हे लिहायला हवं. तुमच्या कथेत जागा असेल तर एक ओळ तरी लिहा.

आता कापलेल्या केसांकडे येते, कारण तुमचा प्रसंग तो आहे.

केस कापण्याचे प्रसंग मुलांच्या साहित्यात साधारणपणे दोन तऱ्हांनी येतात: कापणारा हात दुसऱ्याचा, किंवा स्वतःचा. आपल्या कोकणातलं सगळ्यात परिचित पुस्तक, साने गुरुजींचं 'श्यामची आई', पहिल्या तऱ्हेच्या फार जवळचं आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं, घडतं मात्र आपल्या दापोली-पालगडच्या मातीत. त्यात श्याम केस राखून घरी येतो आणि वडिलांना ते खपत नाही. श्याम आईला विचारतो की केसांत कसला आलाय धर्म. आई त्याला मोहाबद्दल सांगते: तुला ते सोडवत नाहीत, म्हणजे त्यांचा मोह आहे, आणि मोह आवरणं हाच धर्म. मी शिक्षिका असताना हे मुलांना आईच्या बाजूने शिकवत असे. आता मला श्यामचा प्रश्नही तितकाच खरा वाटतो. आई त्याला समजावते, प्रेमाने समजावते, म्हणून तो ऐकतो. पण आठवीतल्या मुलांना तुम्ही हा भाग वाचून दाखवा आणि गप्प बसा. ती श्यामच्या प्रश्नापाशी थांबतात. त्यांना त्यांचं स्वतःचं घर दिसत असतं.

याच कोकणात या प्रश्नाला फार कठीण बाजूही होती. विधवेचं केशवपन. कित्येक बालविधवा आज आपण ज्यांना किशोरवयीन म्हणू त्या वयाच्या होत्या. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी. त्यांच्या बहिणीने, गोदूबाईंनी, १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तेव्हा दापोलीजवळच्या मुरुडने कर्व्यांना वाळीत टाकलं होतं. स्वतः पार्वतीबाईंचं वपन झालेलं होतं. कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव निधी गोळा करत हिंडल्या आणि पुढे प्रौढ वयात त्यांनी वपन थांबवून केस राखले. मुलींना मी हा भाग सांगते तेव्हा शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतंच, "मग त्यांनी वेणी घातली?" इतकं साधं विचारतात. केस वाढू देणं हेसुद्धा बंड असू शकतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. तोवर त्यांनी फक्त केस कापणाऱ्या बंडखोर मुली सिनेमात पाहिलेल्या असतात.

हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुमच्या खर्ड्यात केस कापणं म्हणजे आपोआप स्वातंत्र्य, असं गृहीत धरलेलं दिसतं. तसं नसतं. एखादी मुलगी सगळ्यांच्या विरोधात जाऊन लांब केस ठेवते तेव्हा तेही तितकंच तिचं असतं. हात कुणाचा, एवढंच बघायचं.

स्वतः केस कापणाऱ्या मुलींमध्ये मला लुइझा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन' या १८६८ सालच्या अमेरिकी कादंबरीतली जो मार्च ही मुलगी सगळ्यात जवळची वाटते. आजारी वडिलांकडे जायला आईला पैसे हवेत म्हणून ती आपले केस पंचवीस डॉलरना विकते. दिवसभर ऐटीत असते. रात्री अंधारात रडते. लेखिकेने ते रडणं लपवलं नाही आणि त्या रडण्याने जोचा निर्णय चुकीचाही ठरवला नाही. तुमच्या कथेत हीच जागा कच्ची आहे. तुमची मुलगी केस कापते आणि लगेच "तिला मोकळं मोकळं वाटलं" असं तुम्ही लिहिलं आहे. एवढ्या लवकर कुणालाच मोकळं वाटत नाही.

काय वाटतं ते सांगते. मला बारा वर्षांची असताना विषमज्वर झाला होता आणि ताप उतरल्यावर केस गळायला लागले म्हणून आईने माझी वेणी कापली. पहिली गोष्ट आठवते ती मानेवरचा वारा. आमच्या घरामागे खाडी, संध्याकाळी वारा सुटायचा, आणि मानेवर त्या दिवशी पहिल्यांदा थंड लागलं. दुसरी गोष्ट, उशी. उशीवर डोकं ठेवताना वेणी बाजूला सारायची सवय होती. हात मागे गेला आणि तिथे काही नव्हतं. पुढे कित्येक दिवस दप्तर पाठीवर घेतल्यावर मी पट्ट्याखालून नसलेली वेणी ओढून काढत असे. डोक्याला निर्णय कळला होता, हाताला कळायला महिना लागला. आईने ती कापलेली वेणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. मी चोरून काढून बघत असे. तिला अजून माझ्या तेलाचा वास होता, पण ती माझी नव्हती. तुमच्या मुलीला असं काहीतरी होऊ द्या. तिने कापलेली वेणी कुठे ठेवली ते तुम्ही लिहिलेलंच नाही. विहिरीत टाकली? चुलीत? जळलेल्या केसांचा वास घरभर होतो, तो लपत नाही. माडाच्या आळ्यात पुरली? मला हे वाचायचं आहे.

आणि वेळेचा हिशोब ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तुमची मुलगी जूनमध्ये, शाळा सुरू होताना केस कापते आणि चतुर्थीला गौरीच्या ओवशासाठी अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माळते! ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर. वळेसर कशात अडकवणार? संपादक म्हणून मला अशा चुका दर वर्षी सापडतात. पण चूक सुधारताना तुमच्या हाती एक सुंदर प्रसंग लागेल: सगळ्या बहिणी फुलं माळताहेत आणि हिने आपल्या वाटणीचा वळेसर हातात धरला आहे. तो ती काय करते?

हा हिशोब मला एका मुलीने शिकवला. सात वर्षांपूर्वी, पाऊस नुकता लागला होता. तिसरीतली मुलगी डोक्याला ओढणी बांधून वाचनालयात आली आणि खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या शाळेत, नाव लिहीत नाही, उवा झालेल्या मुलींना प्रार्थनेच्या वेळी वेगळ्या रांगेत उभं केलं होतं. घरी येऊन वडिलांनी रागाच्या भरात तिचे केस बारीक कापून टाकले. उवांचा स्वच्छतेशी फारसा संबंध नसतो. डोक्याला डोकं लागलं की त्या एकीकडून दुसरीकडे जातात. ज्या मुली एकमेकींशी गुजगोष्टी करतात त्यांना होतातच. हे त्या रांगेत कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी नेमकी रापुन्झेल वाचत होते, आणि मध्येच थांबवावं की काय असं वाटत होतं. गोष्ट संपल्यावर भिंतीकडून आवाज आला, "बाई, मग तिचे केस परत वाढले काय?"

गोष्टीत ते नाही. चेटकिणीने केस कापल्यावर शेवटपर्यंत रापुन्झेलच्या डोक्यावरच्या केसांचा उल्लेख येत नाही. मी इतकी वर्षं वाचत होते आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "गोष्टीत लिहिलं नाही, पण वाढणारच. महिन्याला एक सेंटिमीटर." ती उठली, माझ्या टेबलावरची पट्टी घेतली आणि आरशापाशी जाऊन कपाळावरचा एक केस ताणून मोजला. मग वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहिला. पुढे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती येत असे. पट्टी घ्यायची, मोजायचं, लिहायचं. दसऱ्याच्या सुमाराला तिने ओढणी सोडली. मापाचं ते पान तिने मला दिलं नाही, मी मागितलंही नाही. आता ती दहावीत आहे, केस खांद्यापर्यंत ठेवते, का ते विचारलं तर म्हणते, "माझं मला विंचरता येतं तेवढेच." त्या पोरीने मापाच्या आकड्यांतून स्वतःच्या डोक्याचा ताबा परत घेतला, हे मी समोर बसून पाहिलं. म्हणून केस हा लहान विषय आहे असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

थोड्या गोष्टी भराभर सांगते. चांगल्या मुलीचे केस लांबसडक काळेभोर आणि वाईट किंवा गबाळ्या मुलीच्या झिपऱ्या, हे सोडून द्या. कुरळ्या केसांची मुलं आपल्या किनाऱ्यावर भरपूर आहेत आणि खाऱ्या दमट हवेत त्यांचे केस बसत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. विस्कटलेल्या केसांच्या मुलावर धडा शिकवणारं चित्रपुस्तक फ्रँकफर्टच्या एका डॉक्टराने १८४५ साली काढलं होतं. आपण अजून तिथेच राहायला नको. कथेत जट आणायची असेल तर देवीची खूण म्हणून गूढ करू नका. न विंचरलेल्या केसांचा तो गुंता असतो, आणि अशा मुलींची जट कापून त्यांना मोकळं करणारे कार्यकर्ते महाराष्ट्रात आहेत. केस कापणाऱ्या कारागिराला कथेत केवळ विनोदासाठी आणू नका; मुलाच्या डोक्याला आईवडिलांनंतर इतक्या विश्वासाने हात लावणारा तोच असतो. आणि पाऊस. आपल्याकडे जुलैत लांब केस दिवसभर वाळत नाहीत, आज्या निखाऱ्यांवर ऊद टाकून केसांना धुरी देतात. मुंबई-पुण्याच्या लेखकाला हे सुचणार नाही. तुम्हाला सुचेल. तो धूर, ती टोपली, पालथे सोडलेले केस, सगळं लिहा.

आता तुमच्या प्रसंगापुढचं. मुलगी वेणी कापते, सकाळी आई बघते, किंचाळते, रडते, वडील ओरडतात, आजी देवापुढे बसते. चार पानं आरडाओरडा आहे. तो सगळा काढा. त्याजागी एवढंच ठेवून बघा: सकाळचे सात वाजले आहेत. आई रोजच्यासारखी पडवीच्या वरच्या पायरीवर येऊन बसली आहे, शेजारी फणी आणि तेलाची बाटली. तिने अजून मुलीला पाहिलेलं नाही. मुलगी दारात येते. तिच्यासमोर दोन वाटा आहेत, मागच्या दाराने निघून जायचं किंवा खालच्या पायरीवर जाऊन बसायचं. ती जाऊन बसते, पाठ आईकडे करून. आईच्या हातात तेल ओतलेलं आहे.

त्या हाताचं पुढे काय होतं, ते लिहून मला पाठवा.